गुरुवारचा फुसफुसाट

गुरुवारी भोसरी वेगळंच गाव वाटतं. पुण्याच्या या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही चटकन पटत नाही. रस्त्यावर टेम्पो नाहीत, टपरीवाल्याने स्टोव्ह पेटवलेला नाही. एरवी शिफ्ट सुटली की ज्या कोपऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते, तिथे दोन कुत्री ऐसपैस पसरलेली. अशा एका गुरुवारी सकाळी मी एका मध्यम आकाराच्या कारखान्याच्या फाटकाशी उभा होतो. बोलावणं एका मैत्रिणीचं होतं. ती ऊर्जा लेखापरीक्षक आहे, म्हणजे कारखान्यांच्या आणि इमारतींच्या विजेचे हिशेब तपासते. ‘चालू कारखाना तुला कुणीही दाखवेल,’ ती फोनवर म्हणाली होती, ‘बंद कारखाना बघायचा असेल तर गुरुवारी ये.’

आत अर्धवट अंधार. लेथ आणि सीएनसी यंत्रं मुकाट उभी, हवेत कूलंटचा आणि लोखंडी किसाचा वास. आणि त्या शांततेत मागच्या शेडमधून कुणीतरी जोरजोरात घोरत होतं. तो ७५ हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर होता. हवा दाबून टाकीत भरायची आणि पाइपांतून कारखानाभर खेळवायची, एवढंच त्याचं काम. मैत्रीण मोबाइलवर स्टॉपवॉच लावून त्याच्यासमोर पाटावर बसावं तशी एका खोक्यावर बसली होती. यंत्र दीड मिनिट खच्चून घरघरलं, मग आवाज एकदम उतरला आणि ते नुसतं गुणगुणत राहिलं. बरोबर तीन मिनिटांनी पुन्हा खेकसलं. पुन्हा दीड मिनिट, पुन्हा तीन.

‘हा असाच असतो, रात्रंदिवस,’ वॉचमनमामा म्हणाले. पूर्वी गुरुवारीही रंगकाम चालायचं, म्हणून कॉम्प्रेसर चालू ठेवायची पद्धत पडली. रंगकाम बाहेर द्यायला लागून तीन वर्षं झाली. पद्धत राहिली.

‘दीड भागिले साडेचार,’ मैत्रीण म्हणाली. ‘तेहेतीस टक्के.’

हिशेब इतका साधा आहे की मला आधी तो फसवा वाटला. कारखान्यात एकही यंत्र चालू नाही, म्हणजे हवा कुणीच वापरत नाही. तरी टाकीतला दाब पडतोय आणि तो भरून काढायला कॉम्प्रेसरला दर साडेचार मिनिटांत दीड मिनिट कष्ट करावे लागताहेत. म्हणजे त्याच्या ताकदीचा तिसरा हिस्सा नुसत्या भोकांना पोसतोय. त्यासाठी कुठलं महागडं उपकरण लागलं नाही. एक घड्याळ आणि एक सुट्टीचा दिवस पुरला.

*

दाबलेल्या हवेबद्दल मला त्या दिवशी जे कळलं, त्याने मी अजून पुरता सावरलेलो नाही.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड तापतं, हे आपण लहानपणी हाताला चटका बसून शिकलोय. कारखान्यातला कॉम्प्रेसर तेच करतो, फक्त मोठ्या प्रमाणावर. त्यामुळे दाबलेली हवा आधी कूलरमधून थंड करावी लागते. आता गंमत बघा. वायूची आतली ऊर्जा जवळजवळ पूर्णपणे त्याच्या तापमानावर ठरते, दाबावर नाही. मग दाबलेली हवा थंड करून खोलीच्या तापमानाला आणली, की तिच्यात किती ऊर्जा असते? बाहेरच्या साध्या हवेत असते तेवढीच! मोटरने ओतलेली जवळपास सगळी वीज उष्णता होऊन कूलरच्या पंख्यातून शेडच्या बाहेर गेलेली असते. मग एवढं बिल भरून आपण विकत काय घेतलं?

दाटी विकत घेतली. दादरला लोकलच्या डब्यात कोंबलेल्या माणसांच्या अंगात फलाटावरच्या माणसांपेक्षा जास्त बळ नसतं. पण दार मोकळं झालं की तो अख्खा लोंढा दारातल्या माणसाला उचलून बाहेर टाकतो. दाबलेली हवा तशीच, मोकळं होण्याची वाट बघत असते. मोकळी होताना ती पिस्टन ढकलते, आणि ढकलण्याची ऊर्जा स्वतःच्या उबेतून काढते. म्हणून एअर गनचं तोंड गार लागतं. आपण विजेचे पैसे देतो ते हवेत शक्ती भरण्याचे नसून तिच्यात एक घाई निर्माण करण्याचे असतात. ही घाई फार महाग पडते. मोटरला दिलेल्या शंभर युनिटांपैकी हवेवर चालणाऱ्या हत्याराच्या टोकाशी दहा-पंधरा युनिटांचं काम पदरात पडलं तरी पुष्कळ झालं.

आणि ही इतकी महाग वस्तू कारखान्यात सगळ्यांत फुकट समजली जाते. हवाच ती! जेवणाच्या सुट्टीत अंगावरचा किस झटकायला हवा, टेबल साफ करायला हवा. मे महिन्यात शर्टाची कॉलर मागे ओढून तिथे एअर गन धरून गारवा घेणारे कामगार मी स्वतः पाहिलेत. कुणाला दोष देऊ नये. पंखा लांब असतो आणि गन हाताशी.

*

मैत्रिणीने कानाला हेडफोन लावले आणि पिस्तुलासारखं एक यंत्र हातात घेतलं. बारीक भोकातून सुटणारी हवा ४० किलोहर्ट्झच्या आसपास ओरडत असते. माणसाचा कान २० च्या पुढे बहिरा. कुत्र्याला किंवा वटवाघळाला हा कारखाना किती कर्कश वाटत असेल कुणास ठाऊक. ते यंत्र तो आवाज खाली उतरवून आपल्याला ऐकवतं. मी हेडफोन घातले आणि पाइपांच्या बाजूने चालायला लागलो, तर तेलात मोहरी पडावी तसा तडतडाट सुरू झाला. एका कपलिंगपाशी हळू, पुढच्या व्हॉल्वपाशी जोरात. एका मशीनच्या मागे निळ्या नळीला कुणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर तार आवळली होती. तिच्यापाशी तर कढईच उलटली. पट्टीखाली नळीला चीर गेली होती, यंत्राच्या पत्र्याला घासून घासून. साबणाचं पाणी लावलं तर कपडे धुतल्यासारखा फेस. मैत्रिणीने तिथे लाल लेबल बांधलं. जेवणाच्या वेळेपर्यंत एकतीस लेबलं झाली.

कारखान्यात दाबाला ‘किलो’ म्हणतात. सात किलोच्या लाइनला तीन मिलिमीटरचं एक भोक, म्हणजे तूरडाळीच्या दाण्यापेक्षाही लहान. त्याला पोसायला कॉम्प्रेसरची साधारण तीन किलोवॅट वीज जाते. भोकाला शिफ्ट नसते, गुरुवार नसतो. वर्षाचे ८,७६० तास. गुणाकार केला की २६ हजारांवर युनिटं होतात. आठ रुपये युनिट धरलं तरी दोन लाख रुपये. महिन्याला शंभर युनिटं वापरणाऱ्या बावीस घरांची वर्षभराची वीज एका दाण्याएवढ्या भोकातून निघून जाते, आणि जिथून जाते तिथे ना ठिणगी, ना धूर, ना वास. पाणी गळलं तर निदान पाय तरी ओले होतात.

*

आता हीच साखळी उलट्या बाजूने, उगमाकडे चालत जाऊ. भोसरीला येणारी वीज अनेक ठिकाणची असते, सूर्याची असते, धरणाची असते. कुठल्या तारेत कुठली, हे सांगता येत नाही. पण सोयीसाठी ती सगळी चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातून आली असं समजू. तिथे कोळशातल्या शंभर भाग उष्णतेपैकी पस्तीसच्या आसपास वीज होते. उरलेली कूलिंग टॉवरवरच्या पांढऱ्या ढगातून आणि चिमणीतून आकाशाला मिळते. हा कुणाचा हलगर्जीपणा नाही. उष्णतेचं काम करून घेताना निसर्ग आपला वाटा मागतो, हे सादी कार्नो या फ्रेंच तरुणाने १८२४ मध्येच सांगून ठेवलंय. पुढे तारांत, ट्रान्सफॉर्मरांत काही जातं. भोसरीच्या फाटकाशी तीस भाग पोहोचले असं धरा. कॉम्प्रेसर, कूलर, पाइप ओलांडून हत्याराच्या टोकाशी तीन, फार तर चार.

शंभर निघाले, तीन पोहोचले. पहिल्यांदा ऐकताना हे रडगाणं वाटतं. मैत्रीण मात्र ते उलटं वाचते, आणि सगळी मजा त्या उलट्या वाचण्यात आहे. टोकाशी तीन भागांची गरज कमी केलीत, तर उगमाशी शंभर भाग कोळसा जमिनीतच राहतो. प्रत्येक टप्प्यावरची गळती, जी आजवर आपल्या विरुद्ध गुणाकार करत होती, ती आता आपल्या बाजूने गुणाकार करायला लागते. आपल्याकडच्या केंद्रांत एक युनिट वीज करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. त्या एका भोकाचा हिशेब सोळा-सतरा टनांवर जातो. एक दहाचाकी ट्रक भरून कोळसा, आणि तो अडवायला एक वॉशर आणि वीतभर टेफ्लॉन टेप.

म्हणून तिचा एक हट्ट आहे: सुरुवात शेपटाकडून करायची. कारखानदार बहुधा डोक्याकडून सुरू करतात. कॉम्प्रेसर जुना झालाय, नवा भारीतला घेऊ. छतावर सोलर टाकू. दोन्ही चांगलंच. पण भोकं तशीच ठेवून नवा कॉम्प्रेसर घेणं म्हणजे फुटक्या रांजणाला सोन्याचा नळ बसवणं.

*

शेपटाकडून सुरुवात केल्यावर काय होतं, याची एक गोष्ट या धंद्यातले लोक पुराणातल्या कथेसारखी सांगतात. १९९७ साली इंटरफेस ही गालिचे बनवणारी कंपनी शांघायमध्ये कारखाना उभारत होती. तिथल्या एका प्रक्रियेत पाइपांतून द्रव फिरवायचा होता. आधीच्या आराखड्यात त्या पंपांना मिळून ९५ हॉर्सपॉवर लागणार होती. यान शिलहॅम या अभियंत्याने तो आराखडा पुन्हा केला आणि काम ७ हॉर्सपॉवरवर आणलं. कुठलाही नवा शोध न लावता! त्याने पाइप जाड घेतले, आणि आधी पाइप सरळ आखून मग त्यांच्या टोकांना यंत्रं ठेवली. एरवी आपण आधी यंत्रं मांडतो आणि मग पाइपांना त्यांच्यामधून वळणं घेत, कोपरे काढत नेतो. प्रत्येक कोपऱ्यावर पंपाला जास्तीचा रेटा लावावा लागतो, आयुष्यभर.

जाड पाइपाचा हिशेब थक्क करणारा आहे. तेवढंच पाणी न्यायचं असेल, तर घर्षणातला तोटा व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने घटतो. दुप्पट जाडीचा पाइप घेतला तर तोटा निम्मा किंवा चौथाई नाही, बत्तिसावा हिस्सा होतो. घर बांधताना प्लंबरशी अर्ध्या इंचाच्या पाइपावरून घासाघीस करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा पाचवा घात एकदा डोळे भरून बघावा.

पंप आणि पंख्यांच्या पोटात आणखी एक घात लपलेला असतो, तिसरा. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर हवा ८० टक्के मिळते, पण लागणारी शक्ती ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे निम्म्यावर येते. अर्ध्या वेगाला तर आठवा हिस्सा. अनेक ठिकाणी मात्र मोटर पूर्ण वेगाने पळत असते आणि पाणी कमी हवं म्हणून पुढचा व्हॉल्व आवळलेला असतो. बैलाला चाबूक मारत राहायचं आणि तो फार पळतो म्हणून मागून शेपूट धरून ठेवायचं, असा प्रकार. व्हॉल्व उघडा सोडून मोटरचाच वेग कमी करणारं यंत्र मिळतं. कारखान्यात त्याला नुसतं ‘ड्राइव्ह’ म्हणतात.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी, कारण विकणारे ती सांगत नाहीत. हा तिसरा घात गोलगोल फिरणाऱ्या पाण्याला आणि डक्टमधल्या हवेला लागू पडतो. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचं असेल, तर मुख्य खर्च उंचीचा असतो. उंची काही वेग कमी केल्याने कमी होत नाही. तिथे ड्राइव्ह बसवून निम्म्या बिलाची स्वप्नं बघणाऱ्या सोसायटीची पुढची सर्वसाधारण सभा बघण्यासारखी होते.

*

दुपारी मैत्रीण मला पॅनल रूममध्ये घेऊन गेली. तिथे डबे मांडावेत तसे कॅपॅसिटर एका ओळीत मांडलेले होते. कॅपॅसिटर कशाला लागतो हे मी शाळेपासून तीनदा शिकलोय आणि तीनदा विसरलोय. या वेळी लक्षात राहिलं, कारण तिने ते वाटीभर साखरेवर सांगितलं.

मोटरला फिरायला चुंबकीय क्षेत्र लागतं. ते उभं करायला ती थोडी ऊर्जा उसनी घेते आणि क्षणात परत करते. पुन्हा घेते, पुन्हा परत करते, सेकंदाला शंभरदा. साखर संपत नाही, वाटीच्या वाटी परत जाते. पण ती आणायला-पोहोचवायला कुणाला तरी चालावं लागतंच. ही वाटी थेट वीजकेंद्राकडून आणली तर एवढ्या लांबच्या तारा त्या येरझाऱ्यांनी तापतात, ट्रान्सफॉर्मरचा खांदा त्यात अडकून पडतो. कॅपॅसिटर हा दाराला दार असलेला शेजारी आहे. मोटरला हवं असतं नेमकं तेव्हाच त्याला द्यायचं असतं, मोटर परत करते तेव्हा त्याला घ्यायचं असतं. दोघांचं असं जमलं की वाटी गल्लीबाहेर जातच नाही. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून उच्चदाबाच्या ग्राहकांना बिलच अशा पद्धतीने येतं की या येरझाऱ्याही त्यात मोजल्या जातात.

‘पण इथेही शेपूट बघ,’ ती म्हणाली. कॅपॅसिटर या खोलीत बसवले की बिल सुधारतं, मालक खूश. पण मोटर दोनशे फूट लांब आहे. खोलीपासून मोटरपर्यंतच्या केबलमध्ये वाटी अजून हेलपाटे घालतेच आहे, केबल तापतेच आहे. तोच कॅपॅसिटर मोटरच्या पायाशी बसवला, तर ते दोनशे फूटही सुटतात. बिल बघणारा माणूस खोलीपाशी थांबतो, केबलला हात लावून बघणारा पुढे जातो.

*

इमारतींमध्ये शेपूट शोधणं जरा अवघड, कारण तिथे शेपटाला आपण स्वतः बसलेलो असतो.

वातानुकूलित कार्यालयात शेवटी गार करायचं असतं ते माणसाला. आपण मात्र गार करतो हवेला, तीही सगळ्याच्या सगळ्या, छतापर्यंतची. मग ती पंख्यांनी ढकलत लांबलांबच्या डक्टमधून फिरवतो. मे महिन्यात बनियन घालून शहाबादी फरशीवर लोळलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, की हवा तीच असूनही फरशी जिवाला गार करते. शिवाय गार पृष्ठभाग लांबूनही काम करतो. आपलं शरीर आसपासच्या भिंतींकडे, छताकडे सतत उष्णता फेकत असतं, हवेची मध्यस्थी न घेता. उन्हात दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली रात्री पंखा लावूनही तगमग होते, त्याचं कारण हेच, फक्त उलट्या दिशेने.

हैदराबादच्या इन्फोसिसच्या आवारात यावर एक देखणा प्रयोग झाला. सुमारे अडीच लाख चौरस फुटांची एकच इमारत, मधोमध दोन सारख्या भागांत विभागलेली. बाहेरच्या भिंती, खिडक्या, काम करणाऱ्यांच्या वेळा, सगळं सारखं. एका अर्ध्यात नेहमीची, पण नीट आखलेली, हवेवर चालणारी यंत्रणा. दुसऱ्या अर्ध्यात स्लॅबच्या पोटातच नळ्या घातलेल्या आणि त्यांतून गार पाणी फिरतंय. अख्खं छतच शहाबादी फरशीसारखं. ताज्या हवेसाठी वेगळी, लहानशी सोय. २०१४ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा नळ्यांच्या बाजूने ३४ टक्के कमी वीज घेतली होती, आणि उभारणीचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखा होता. यात जादू एवढीच की एक बादली पाणी जेवढी उष्णता उचलून नेतं, तेवढी उचलायला तितक्याच अंश फरकाने सुमारे साडेतीन हजार बादल्या हवा लागते. हवेच्या एवढ्या बादल्या ढकलण्यापेक्षा पाण्याची एक ढकलणं सोपं. स्लॅब किती गार करायचा याला मात्र मर्यादा आहे. फार गार केला तर आतल्या दमट हवेतलं पाणी छताला सुटेल आणि संगणकांवर ठिबकेल. त्यामुळे मुंबईत किंवा पणजीत हे करायचं तर आधी हवेतला दमटपणा काढण्याची चोख व्यवस्था लागते.

दिव्यांचंही तसंच. दिवा खोलीत टाकतो ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते, उजेडसुद्धा भिंतींना आपटून उष्णता होतो. मग ती बाहेर फेकायला एसीला आणखी वीज लागते. म्हणजे एसीच्या खोलीत वाचवलेलं दिव्याचं एक युनिट एकटं वाचत नाही, एसीचा तुकडाही सोबत घेऊन येतं. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच सुमाराला भारत सरकार घाऊक खरेदीत एक एलईडी बल्ब ३१० रुपयांना घेत होतं. २०१६ पर्यंत तो ३८ रुपयांवर आला. ‘उजाला’ योजनेतून असे ३६ कोटींहून जास्त बल्ब घरोघर गेले. वाण्याच्या दुकानात वजनावर मिळावा इतका नोबेलचा शोध स्वस्त झालेला मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

*

बंद इमारतीत काय चालू आहे हे बघायची खोड माझ्या मैत्रिणीची एकटीची नाही. ती तिला आर्थर रोझेनफेल्डकडून आली असं ती म्हणते, जरी दोघांची कधी भेट झाली नाही. रोझेनफेल्ड हा कणभौतिकीतला माणूस, एन्रिको फर्मीचा विद्यार्थी. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये, अरब देशांनी तेल अडवलेलं असताना, तो एका शुक्रवारी संध्याकाळी बर्कलीतल्या आपल्या कार्यालयातून घरी निघाला. मजल्यावरच्या वीसेक खोल्यांचे दिवे चालूच होते. विझवायला गेला तर बटणं सापडेनात. कुठे पुस्तकांच्या कपाटामागे, कुठे फायलींच्या, कुठे भिंतीवरच्या पोस्टरखाली. वीस मिनिटं त्याने नुसती बटणं शोधली. जगातली हुशार माणसं जिथे जमतात, तिथे दिवे विझवायची बटणं कुणी कधी वापरलीच नव्हती. त्या संध्याकाळनंतर त्याने कणांचा नाद हळूहळू सोडला आणि उरलेलं आयुष्य बटणांना वाहिलं: दिवे, खिडक्या, फ्रीज, इमारतींचे नियम. २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या नावाचं एककच सुचवलं. एक रोझेनफेल्ड म्हणजे वर्षाला ३०० कोटी युनिटांची बचत, मध्यम आकाराचं एक कोळशाचं वीजकेंद्र न बांधता भागवण्याएवढी. न बांधलेल्या गोष्टीच्या मापाला ज्याचं नाव दिलं असा दुसरा माणूस मला ठाऊक नाही.

आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याच्याखाली २०१२ पासून एक चमत्कारिक बाजार सुरू झाला. सिमेंट, पोलाद, कागद अशा आठ क्षेत्रांतल्या ४७८ कारखान्यांना कमी ऊर्जेत तेवढाच माल काढायची लक्ष्यं दिली. लक्ष्यापेक्षा जास्त वाचवलं तर प्रमाणपत्रं मिळायची आणि कमी पडलेल्यांनी ती विकत घ्यायची. एक प्रमाणपत्र म्हणजे न जाळलेलं एक टन तेल, किंवा तेवढ्याच ऊर्जेचं दुसरं इंधन. जे घडलंच नाही त्याचा भाव ठरतो, सौदा होतो, हे माझ्या आजोबांच्या अडत्याला समजावता आलं असतं का, असा विचार माझ्या मनात येतो.

आणि हो, विल्यम जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाची कुरकुरही ऐकून ठेवावी. वाफेची इंजिनं काटकसरी झाली म्हणून कोळसा कमी लागणार नाही, उलट जास्त लागेल, असं त्याने १८६५ मध्येच बजावलं होतं. स्वस्तात पडायला लागलेली वस्तू माणूस दुप्पट वापरतो. एलईडी आल्यापासून हमरस्त्यांवर रात्रभर लखलखणारी होर्डिंगं बघताना त्याची आठवण होते. पण कॉम्प्रेसरच्या भोकाला हा आक्षेप लागू पडत नाही. फुसफुस स्वस्त झाली म्हणून कुणी जास्त फुसफुस मागवत नाही.

*

दोन आठवड्यांनी, पुन्हा गुरुवारी, आम्ही त्याच शेडमध्ये होतो. मधल्या काळात फिटरने एकतीसपैकी सव्वीस लेबलं काढली होती. उरलेल्या पाचांना सुटे भाग यायचे होते. निळी नळी नवी, आणि पत्र्याच्या त्या कडेवर त्याने स्वतःच्या डोक्याने रबराची पट्टी चढवलेली. कॉम्प्रेसर आज मुद्दाम चालू ठेवला होता, मोजमापासाठी. मैत्रीण खोक्यावर, हातात स्टॉपवॉच. वॉचमनमामा दारात तंबाखू मळत.

यंत्र मिनिटभर घरघरलं, वर सात सेकंद. मग आवाज उतरला. तीन मिनिटं झाली, पाच झाली. आम्ही तिघेही त्या गुणगुणण्याकडे कान लावून होतो. दाब दाखवणारा काटा बघितला तर हलतोय असं वाटतच नव्हतं. पहिला फेरा बरोबर दहा मिनिटांचा झाला. ‘अकरा टक्के,’ ती पुटपुटली. तेहेतीसवरून अकरा; म्हणजे बारा-तेरा किलोवॅट. असल्या यंत्रात एक सोय असते, बराच वेळ हवेची मागणी आली नाही तर मोटर स्वतःहून थांबते. ती पूर्वीपासूनच होती, फक्त तिच्यावर कधी पाळी आली नव्हती. दुसऱ्या फेऱ्यात, पहिल्यापेक्षाही जास्त वेळ गेल्यावर, आत कुठेतरी कट्ट झालं आणि गुणगुणही बंद पडली. शेडमध्ये पहिल्यांदाच बाहेरच्या चिमण्या ऐकू आल्या.

मामा तंबाखू तशीच हातात धरून लगबगीने आत आले.

‘ताई, लाइट गेली की काय?’

त्यांच्या डोक्यावरची ट्यूब लख्ख पेटलेली होती.